सिव्हिलमध्ये माणसे टिकायची तर

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे रात्री-अपरात्री कुठेही अपघात झाला, की जखमी माणूस बहुधा धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचतो. साक्री-शिरपूरच्या पाड्यांवरची अडलेली बाळंतीण तिथेच येते आणि पांझरेपलीकडच्या देवपुरातला दम लागलेला म्हातारा माणूसही तिथेच आणला जातो. १२ मार्च २०१७ रोजी याच रुग्णालयात डोक्याला मार लागलेला एक रुग्ण आला. त्याला मेंदूच्या शल्यविशारदाची गरज होती आणि तसा डॉक्टर तिथे नव्हता. रुग्णाला दुसरीकडे न्यावे लागेल हे सांगण्याचे काम अस्थिरोग विभागातल्या एका निवासी डॉक्टरच्या वाट्याला आले. जमावाने त्याला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. पाठोपाठ मुंबईतही निवासी डॉक्टरांवर हल्ले झाले आणि राज्यभरातले हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले आणि सरकारने १,१०० सुरक्षारक्षक नेमण्याचे आश्वासन दिले.

सुरक्षारक्षक हवेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण त्या रात्रीचा खरा प्रश्न रक्षकांच्या संख्येपेक्षा मोठा होता. जी सोय रुग्णालयात नाही, ती नसल्याचे सांगायला व्यवस्थेने सर्वांत कमी अधिकार असलेल्या, वयाने लहान आणि बहुधा सर्वांत थकलेल्या माणसाला एकट्यालाच पुढे केले होते. अशा ठिकाणी माणूस किती वर्षे राहील? मारहाणीची बातमी होते, संपाची होते. नोकरी सोडून जाणाऱ्याची मात्र कुणाला खबरही नसते. एखादी सिस्टर सुरतेच्या खासगी रुग्णालयात जाते, एखादी नाशिक-पुण्याला, एखादी आखाती देशात. डॉक्टर बॉण्डचे वर्ष संपायची वाट पाहतो. जो जातो त्याचे काम मागे राहिलेल्यांवर पडते, त्यांचा जीव मेटाकुटीला येतो आणि मग त्यांच्यातलाही कुणी जातो. ही साखळी तोडायची तर कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य हा वर्षातून एकदा साजरा करायचा कार्यक्रम न राहता कामाच्या रचनेचा भाग व्हायला हवा. किती रुग्णांमागे किती माणसे, किती तासांची ड्यूटी, झोपायला किती वेळ, निर्णयात किती वाटा आणि अडचणीत पाठीशी कोण, या गोष्टी जिथे नीट लागलेल्या असतात तिथे माणसे टिकतात. जगभरातले पुरावेही बव्हंशी हेच सांगतात.

आधी थकव्याचे स्वरूप पाहू. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञाने सेवाभावी दवाखान्यांत काम करणाऱ्यांची एक अवस्था नोंदवली. तिलाच पुढे ‘बर्नआउट’ हे नाव रूढ झाले. १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाख आणि सुझन जॅक्सन यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. बर्नआउटची तीन लक्षणे सांगितली जातात. माणूस आतून रिता होतो, समोरच्या रुग्णाकडे माणूस म्हणून पाहणे त्याला जड जाऊ लागते, आणि आपल्या हातून काही चांगले घडते आहे हा विश्वास उडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, तेव्हा त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने उद्भवणारी ती अवस्था आहे, असे म्हटले. मुळात दोष कामाच्या रचनेत असेल तर औषध त्या माणसाला देऊन भागणार नाही.

आपल्याकडची रीत मात्र नेमकी उलटी आहे. कर्मचारी थकले की योगशिबिर भरते, ताणमुक्तीवर व्याख्यान होते, परिचारिका दिनाला गुलाबाचे फूल मिळते. यातले काहीच वाईट नाही, पण त्याने माणसे टिकत नाहीत. विल्यम फ्लेमिंग या संशोधकाने ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष मांडला. ताणव्यवस्थापनाचे वर्ग, सजगतेचे धडे, स्वास्थ्याची ॲप असल्या उपक्रमांत भाग घेतलेले कर्मचारी भाग न घेतलेल्यांपेक्षा बरे नव्हते. तो अभ्यास सर्वच क्षेत्रांचा होता, केवळ आरोग्यसेवेचा नव्हे. पण डॉक्टरांपुरता विचार करणारे एक एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि त्याचाही रोख तोच होता. डॉक्टरला व्यक्तिशः शिकवण्याच्या उपायांपेक्षा संस्थेने कामाची पद्धत बदलण्याच्या उपायांचा परिणाम अधिक आढळला. रात्रभर चाळीस रुग्ण सांभाळून आलेल्या सिस्टरला सकाळी नऊच्या प्राणायामाच्या वर्गाला बसवणे म्हणजे तिची झोप आणखी तासभर लांबवणे आहे.

मग कशाने फरक पडतो? पहिली गोष्ट म्हणजे माणसांचे प्रमाण. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालये आणि दहा हजारांहून अधिक परिचारिकांची माहिती अभ्यासून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की ती बर्नआउटमध्ये जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि कामाबद्दल असमाधानी असण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यताही ७ टक्क्यांनी वाढली. हा एका वेळेचा अभ्यास आहे, त्यातून कार्यकारण पक्के होत नाही, अशी शंका कुणी घेतली तर ती रास्त आहे. पण पुढे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये ठरावीक सरकारी रुग्णालयांत दिवसा चार रुग्णांमागे एक आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका असे किमान प्रमाण कायद्याने घालून दिले. त्याच्या आधीची आणि नंतरची स्थिती तुलनेसाठी घेतलेल्या इतर रुग्णालयांच्या बाजूला ठेवून पाहिली, तेव्हा रुग्णांच्या मृत्यूंचे आणि पुन्हा भरती होण्याचे चित्र सुधारलेले दिसले. पुन्हा भरती होणे आणि मुक्कामाचे दिवस कमी झाल्याने जो खर्च वाचला, तो जादा परिचारिकांवरच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक भरला. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. सरकारी वॉर्डात नातेवाईक म्हणून एक रात्र काढलेल्या कुणालाही हा निकष आणि वास्तव यांतले अंतर वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट झोपेची, आणि खान्देशात ती विशेष निकडीची. अनेक सरकारी रुग्णालयांत परिचारिकांची रात्रपाळी सलग बारा तासांची असते. सकाळी आठला दिवसपाळीची सिस्टर येते, मग ओव्हर सुरू होते. कोणत्या खाटेवर कोण, कुणाचे सलाइन किती उरले, कुणाची लघवी मोजायची, कुणाला सकाळचे इंजेक्शन राहिले, हे सगळे खाटेजवळ उभे राहून सांगायचे आणि वहीत लिहायचे. ते आटोपून घरी जाईपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. मे महिन्यात धुळे-जळगावचा पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. दुपारी पत्र्याच्या किंवा तापलेल्या स्लॅबच्या खोलीत, घरात मुले आणि दारात पाण्याच्या टँकरचा गलका असताना, तिने झोप काढायची आणि रात्री आठला पुन्हा हजर व्हायचे. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाच्या हालचालींतली अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. बोस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक ड्यूट्या तोडून आखल्या, तेव्हा जुन्या पद्धतीत गंभीर चुका नव्या पद्धतीपेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त होत होत्या, असे २००४ मध्ये आढळले. चूक झाल्यावर रुग्णाचे नुकसान होते, आणि ती करणारा माणूसही आतून मोडतो. कित्येक जण असल्या एका रात्रीनंतर नोकरीवरचे मन काढून घेतात.

यावर करता येण्याजोगे उपाय साधे आहेत. रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमारास आळीपाळीने अर्धा तास पाठ टेकायला स्वच्छ, कडी लागणारी खोली द्यावी. त्याच इमारतीत रात्रपाळी करून आलेल्यांना दिवसा झोपता येईल असा कूलर लावलेला, अंधार करता येणारा कक्ष असावा. पाळी बदलताना सकाळ, मग दुपार, मग रात्र अशी पुढे सरकावी, कारण शरीराच्या घड्याळाला उशिरा झोपणे लवकर उठण्यापेक्षा सोपे जाते. रात्रीच्या पाळीनंतरची नाइट-ऑफ कुणी आजारी पडले म्हणून कापली जाऊ नये. रोस्टर निदान पंधरा दिवस आधी भिंतीवर लागले तर घरातल्या लग्नकार्याला जाता येईल की नाही, हे माणसाला आधी कळते. रोस्टर ऐनवेळी बदलणे आणि ओळखीच्यांना सोयीच्या पाळ्या देणे, या दोन गोष्टींनी जेवढी मने दुखावतात तेवढी कामाच्या ओझ्यानेही दुखावत नाहीत.

तिसरी गोष्ट म्हणजे शब्दाला असलेली किंमत. १९८० च्या सुमारास अमेरिकेत परिचारिकांची मोठी टंचाई होती, तरीही काही रुग्णालयांत त्या टिकून होत्या. अशी ४१ रुग्णालये निवडून तिथे वेगळे काय आहे, याचा शोध तिथल्या परिचर्या अकादमीने घेतला आणि १९८३ मध्ये अहवाल दिला. अशा रुग्णालयांना ‘मॅग्नेट’ म्हटले जाऊ लागले. त्यांच्यात समान दिसलेल्या गोष्टींत पुरेशी माणसे आणि लवचिक पाळ्या होत्याच, पण परिचारिकांच्या प्रमुखाला व्यवस्थापनात खरा अधिकार, वॉर्डातल्या निर्णयात वॉर्डातल्या माणसांचा वाटा आणि डॉक्टरांशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याची मोकळीक, यांनाही तेवढेच वजन होते. आपल्याकडे मेट्रनला शंभर कागदांवर सह्या कराव्या लागतात, पण एक खाट कमी-जास्त करायचा अधिकार तिला नसतो. इन्चार्ज सिस्टरचे शिक्षण रुग्णसेवेचे असते आणि दिवस जातो चादरी मोजण्यात, इंडेंट भरण्यात, औषधसाठ्याच्या नोंदी जुळवण्यात. हे काम लिपिकाकडे आणि भांडारपालाकडे दिले, तर एकही नवीन परिचारिका न नेमता वॉर्डाला परिचारिकेचे काही तास परत मिळतात.

चौथी गोष्ट सोबतीची. मायो क्लिनिकमध्ये ७४ डॉक्टरांवर केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही डॉक्टरांना नऊ महिने, दर दोन आठवड्यांनी एक तास, कामाच्या वेळेतच लहान गटात बसून आपल्या कामाबद्दल बोलायची मुभा दिली. त्यांना काम अधिक अर्थपूर्ण वाटू लागले आणि रुग्णांबद्दलचा कोरडेपणा कमी झाला. यासाठी अमेरिकेकडेच पाहायला हवे असेही नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या, बहुतांश निरक्षर किंवा अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्या नियमाने जामखेडला एकत्र येत. शिकणे तर होईच, शिवाय आपल्या गावात काय घडले, काय जमले, कुठे अडले, हे एकमेकींना सांगणे होई. यांतल्या कितीतरी जणींनी दशकानुदशके हे काम केले. त्यांच्यामागे मोठा पगार नव्हता. मागे होती माणसांची एक फळी, सतत वाढणारे ज्ञान आणि गावात मिळालेली प्रतिष्ठा. आपल्या वॉर्डात मूल दगावले, तर त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या सिस्टरला, ब्रदरला, वॉर्डातल्या मामा-मावशींना कुणी विचारते का, की तुम्ही कसे आहात? बहुतेक ठिकाणी फक्त खुलासा मागितला जातो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. पगार द्या, नोकरी कायम करा, माणसे आपोआप टिकतील, असे म्हणतात. यात मोठे तथ्य आहे. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या शासकीय परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, आणि त्यानंतर महिन्याभरात राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी कायम करून घेण्याच्या मागणीसाठी संपावर गेले. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याला ताणमुक्तीचे पाठ देणे ही क्रूर चेष्टा आहे. सुरक्षित नोकरी आणि वेळेवर पगार हा स्वास्थ्याचा पायाच आहे. पण केवळ पायावर घर उभे राहत नाही. पगारच सर्व काही असता, तर कायम नोकरी आणि वेतन आयोगाचा पगार असलेले तज्ज्ञ डॉक्टर राजीनामे देऊन गेले नसते, आणि सरकारीपेक्षा कमी पगारावर मिशनच्या किंवा स्वयंसेवी रुग्णालयांत माणसे आयुष्यभर राहिली नसती. पैसा माणसाला दारात आणतो. तो आत राहील की नाही हे रोजच्या वागणुकीवर ठरते.

दुसरा आक्षेप सेवाभावाचा आहे. हे व्रत आहे, त्यात आराम कसला, असे जुनी माणसे म्हणतात. रुग्णसेवेला मोठेपणा आहे म्हणूनच ती करणाऱ्याला जपायला हवे. सेवाभाव हा साठा आहे, आणि तो सतत उपसला आणि कधीच भरला नाही, तर संपतो. बर्नआउटचे पहिले बळी बहुधा मनापासून काम करणारेच असतात. अंग चोरणाऱ्याला ही अवस्था सहसा गाठत नाही. सक्तीचा मार्गही फार दूर नेत नाही. आपल्याकडे सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष शासकीय सेवेचा बॉण्ड असतो. त्यामुळे ग्रामीण भागाला वर्षभर डॉक्टर मिळतो, हा लाभ खरा आहे. पण बॉण्ड माणसाला थांबवून ठेवतो, रुजवत नाही. त्या वर्षात त्याला राहायला धड खोली मिळाली, अडल्यावर फोन उचलणारा वरिष्ठ मिळाला आणि मारहाणीच्या वेळी संस्था पाठीशी उभी राहिली, तर त्यातला एखादा दुसरे वर्ष राहण्याचा विचार करील. ते एक वर्ष कसे गेले, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. माणसेच नाहीत, तर ड्यूटी कमी कशी करायची? पदे रिकामी असताना झोपेच्या नि सुट्टीच्या गोष्टी कोण ऐकणार? शिवाय तासांचा हिशेब सरळ नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ११७ शल्य-प्रशिक्षण केंद्रांवरच्या प्रयोगात दिसले, की एका ड्यूटीच्या लांबीवरची बंधने सैल केली तरी रुग्णांचे नुकसान वाढले नाही. वारंवार ओव्हर देण्यातही धोके असतातच. पण त्या प्रयोगात दोन्ही बाजूंना आठवड्याला ८० तासांची मर्यादा कायम होती, आणि सैल वेळापत्रकातल्या डॉक्टरांनी कुटुंबासाठी, विश्रांतीसाठी वेळ कमी पडत असल्याचे सांगितले, हे विसरता येत नाही. भारतात केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम साधारणपणे बारा तासांपलीकडे नको, असे लिहिलेले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती गटाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा आणि एक साप्ताहिक सुट्टी सुचवली. दोन्ही कागदांत बत्तीस वर्षांचे अंतर आहे आणि दुसऱ्या कागदाची गरज पडली, यातच पहिल्याचे काय झाले ते आले. माणसे कमी आहेत हे सुट्टी नाकारण्याचे कारण म्हणून सांगितले जाते, पण तोच माणसे आणखी कमी होण्याचा रस्ता आहे. म्हणून सुरुवात नव्या पदांची वाट न पाहता करावी. लिखापढीचे काम परिचारिकेकडून काढावे, रोस्टर वेळेवर आणि न्याय्य लावावे, पाठ टेकायला खोली द्यावी. वाईट बातमी सांगायला वरिष्ठ डॉक्टर आणि समाजसेवा अधीक्षक सोबत असावेत, निवासी डॉक्टरने ती एकट्याने सांगू नये. यातल्या कशालाही मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.

देवपूरसारख्या भागातल्या दहा-वीस खाटांच्या खासगी रुग्णालयांनाही हे लागू आहे. तिथे मालक डॉक्टर स्वतःच थकलेला असतो, दोन-तीन सिस्टर पाळ्या ओढत असतात आणि एक सोडून गेली की सगळे कोलमडते. अशा चार-पाच रुग्णालयांनी मिळून रजेच्या दिवसांसाठी एखादी राखीव परिचारिका ठेवली, रात्री घरी सोडायला एक वाहन ठरवले आणि प्रशिक्षण एकत्र घेतले, तर प्रत्येकावरचा भार थोडाच वाढेल. उलट नवा माणूस शोधणे, त्याला शिकवणे, आणि तोवर होणाऱ्या चुका निस्तरणे, हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, पण तो दरवर्षी होतो.

नागरिकांचाही यात वाटा आहे. महाराष्ट्रात रुग्णालयांतल्या हिंसेविरुद्ध २०१० पासून कायदा आहे आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. तरीही २०१७ ची घटना घडली. कायद्याची तरतूद हल्ल्यानंतर कामाला येते. हल्ला होऊ नये यासाठी रुग्णालयात काय आहे आणि काय नाही, हे आधी लोकांना कळले पाहिजे. कोणत्या दिवशी कोणते तज्ज्ञ उपलब्ध आहेत, सीटी स्कॅन चालू आहे की नाही, हे दर्शनी भागात मोठ्या अक्षरांत लावले, तर लोकांचा राग एका तरुण डॉक्टरवर निघणार नाही. आणि त्या फलकावर नसलेल्या सोयींबद्दल आमदाराला, जिल्हाधिकाऱ्याला, रुग्ण कल्याण समितीला जाब विचारणे हे आपले काम आहे.

शेवटी मोजले जाते तेच सुधारते. किती बाह्यरुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती बाळंतपणे झाली, याचे आकडे दर महिन्याला वर जातात. त्याच तक्त्यात आणखी तीन रकाने असावेत. या वर्षात किती जण नोकरी सोडून गेले, प्रत्येकाने सोडण्याचे काय कारण सांगितले, आणि किती जणांच्या मंजूर सुट्ट्या ऐनवेळी रद्द झाल्या. अधिष्ठाता आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या कामाचे मूल्यमापन या रकान्यांवरूनही व्हावे. खान्देशातल्या धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. म्हणजे डॉक्टर आणि परिचारिका घडवण्याची सोय दाराशी आली आहे. घडवलेली माणसे इथेच राहावीत असे वाटत असेल, तर त्यांना राहावेसे वाटेल असे कामाचे ठिकाण उभारणे हा रुग्णसेवेचाच भाग मानावा लागेल, आणि त्याची जबाबदारी नावानिशी कुणावर तरी टाकावी लागेल.